मायोर्कातली गडग्यांची वाट (जीआर २२१): आठ दिवसांत काय घ्यावं, काय सोडावं?

पायवाट

नमस्कार मंडळी. स्पेनच्या मायोर्का बेटाच्या वायव्य काठाने सेरा दे त्रामुंताना ही डोंगररांग जाते. तिच्यातून जीआर २२१ नावाची लांब पल्ल्याची वाट आहे. स्थानिक नाव 'रुता दे पेद्रा एन सेक', म्हणजे कोरड्या दगडांची वाट. चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या भिंती, पायऱ्या आणि फरसबंदीवरून ती जाते म्हणून हे नाव.

आम्ही चौघे, वयं ३४ ते ६१, सगळ्यांना सह्याद्रीची सवय. एप्रिलचा मध्य. हातात ८ दिवस, त्यातले चालायचे ६. आंद्राचपासून पोयेन्सापर्यंत सगळी वाट सुमारे १४० किमी भरते. वाटेवरची सर्वांत उंच खिंड १२०० मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरीच खाली. त्यामुळे रोज २३-२४ किमी धरून पूर्ण वाट बसेल असं माझं मत आहे. प्रश्न असे:

१. सलग चालावं, की सोयेर गावात मुक्काम ठेवून रोज बसने जाऊन-येऊन?
२. तंबू, स्लीपिंग बॅग, भांडी यातलं काय न्यावं?
३. पाणी वाटेत मिळतं का?
४. दोघे पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांचं काय?

डोंगरकपार

पहिलं, रोज २४ किमीचा हिशेब सोडा. शिखराची उंची बघून ही वाट मोजता येत नाही, कारण इथे दिवस समुद्रसपाटीच्या जवळून सुरू होतो. सोयेर गाव समुद्रापासून जेमतेम ५० मीटर उंचीवर. तिथून बिनियाराशच्या घळीतून लोफ्रेच्या खिंडीपर्यंत सुमारे ८५० मीटरचा सरळ चढ आहे, आणि तो दिवसाच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच येतो. त्यानंतरही निम्म्याहून जास्त अंतर बाकी असतं.

दुसरं, पायाखालचा दगड. घळीतली वाट म्हणजे हजारो दगडी पायऱ्या आणि उभे रोवलेले गोटे. शेकडो वर्षांच्या खेचरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी त्यांचा माथा गुळगुळीत झालाय. चढताना त्रास नाही. उतरताना प्रत्येक पाऊल घट्ट दगडावर आपटतं, मातीची उशी कुठेच नाही. ताशी ३ किमी धरा, उतारावर अडीच. या वेगाने २४ किमी म्हणजे ९ तास, विश्रांती वेगळी.

सांजवारा

डोंगरकपार यांना अनुमोदन. ६१ वर्षांच्या गुडघ्यांसाठी दोन काठ्या घ्याच, आणि काठ्यांच्या टोकाला रबरी टोप्या हव्यात. उघडं पोलादी टोक त्या चुनखडीवर घसरतं आणि अवेळी दगा देतं. टोप्या झिजतात, म्हणून एक जादा जोडी.

पायवाट

समजलं. मग पूर्ण वाट सोडायची तर कुठला तुकडा सोडू? पश्चिमेकडचा की पूर्वेकडचा?

माथेरानी

पश्चिमेकडचा, म्हणजे आंद्राच ते एस्पोर्लेस. कारण सौंदर्याचं नाही. सांत एल्मच्या वर ला त्रापा नावाचा जुना मठ आहे. १८१० मध्ये त्रापिस्त या ख्रिस्ती पंथाचे भिक्षू तिथे आले आणि डोंगराच्या उतारावर त्यांनी पायऱ्यापायऱ्यांची शेतं रचली. तिथून समोर द्रागोनेरा बेट दिसतं, ते दृश्य अप्रतिमच. पण २०१३ च्या जुलैतल्या मोठ्या वणव्यात आंद्राचच्या बाजूचं रान जळालं, त्यामुळे सावली कमी. शिवाय त्या भागात काही ठिकाणी वाट खासगी जमिनीतून जाते, हद्दीचे जुने वाद आहेत आणि खांब सलग नाहीत. एकदा चुकलं की डांबरी रस्त्याने काही किमी चालावं लागतं, वळणावळणाच्या रस्त्यावर, कडेला जागा नसलेल्या.

वायदेमोसापासून पुढे पोयेन्सापर्यंत मात्र लाकडी खांब जवळजवळ सगळीकडे आहेत. खांबावर ठिकाणाचं नाव आणि लागणारा वेळ लिहिलेला असतो, अंतर नव्हे. तो वेळ न थांबता चालण्याचा आहे, म्हणून त्यात एक तृतीयांश वाढवून धरा.

गडगा

धाग्याचं नाव पाहून आलो. पेद्रा एन सेकला आपल्या कोकणात अगदी नेमका शब्द आहे, तो पायवाट यांनी मथळ्यात वापरलाय त्याबद्दल आभार. गडगा!

मायोर्कात गडगे रचणाऱ्या कारागिराला 'मार्जेर' म्हणतात, कारण उतार अडवणाऱ्या भिंतीला 'मार्जे' म्हणतात. रचना ओळखीची वाटेल. तळाला सगळ्यांत मोठे धोंडे, जमीन खणून बसवलेले. दर्शनी बाजूला घडवलेले दगड, त्यांची लांब बाजू भिंतीच्या आत. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, म्हणजे आपल्या गवंड्यांची सांधेमोड. मागे छोट्या दगडांची भर, तिला तिथे 'रेब्ले' म्हणतात. पोकळ्यांत चिपा ठोकायच्या. आणि भिंत वर जाताना डोंगराकडे किंचित कललेली.

ही भर फार महत्त्वाची. पावसात डोंगराच्या पोटातलं पाणी त्या मोकळ्या दगडांतून झिरपून बाहेर पडतं. हीच भिंत सिमेंटने लिंपली तर पाणी मागे तुंबतं, भिंतीला पोट येतं आणि एका मोठ्या पावसात ती कोसळते. चालताना अशा दुरुस्त्या शोधून बघा, फुगलेला भाग लगेच ओळखू येतो.

पायवाटेवर आडव्या, थोड्या वर आलेल्या दगडांच्या ओळी दिसतील. त्या नुसत्या पायरीसाठी नाहीत. त्या तिरक्या बसवलेल्या असतात, पावसाचं पाणी कडेला काढून देतात, म्हणजे ओहोळ वाटेचीच धूप करत नाही.

त्रामुंतानाला २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं ते सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, डोंगर म्हणून नव्हे. २०१८ मध्ये कोरड्या दगडी बांधकामाची कला स्पेनसह आठ देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशात गेली. आपले गडगे आणि भीमाशंकरकडची पडकई, म्हणजे उतारावर बांध घालून केलेली खाचरं, याच कुळातली आहेत, त्यांचीही कुणीतरी अशी नोंद करायला हवी.

चिंचेचं_बोटूक

गडगा, फारच छान माहिती. पडकईवर वेगळा धागा काढा ना.

डोंगरकपार

नक्की काढा. आणि एक सूचना त्यातूनच: गडग्यावर चढू नका, त्यावर बसून फोटो काढू नका. वरच्या थराचा एक दगड हलला की पुढच्या पावसात शेजारचे दोन जातात. भिंत ओलांडायची तिथे लाकडी शिडी असते, तिला 'बोतादोर' म्हणतात. फाटक लागलं तर आपल्यामागे बंद करा, मेंढ्या असतात.

नकाशावेडी

वाट चुकण्याबद्दल. युरोपातल्या इतर जीआर वाटांवर पांढऱ्या-लाल पट्ट्या रंगवलेल्या असतात. इथे त्या शोधत बसू नका, मुख्य खूण लाकडी खांबांचीच. दगडांच्या छोट्या उतरंडी दिसतात, पण त्या कुठल्याही वाटेच्या असू शकतात. आणखी एक घोळ रानशेळ्यांचा. त्यांच्या वाटा माणसांच्या वाटांइतक्याच मळलेल्या असतात, मग त्या एखाद्या कड्यावर जाऊन संपतात. दहा मिनिटांत खांब नाही, फरसबंदी नाही आणि 'कार्रिच' गवत कमरेपर्यंत आलं, तर मागे फिरा. हे गवत उंच, धारदार आणि निसरडं असतं. उतारावर त्याच्या पात्यांवर पाय पडला की थेट घसरगुंडी.

अल्पिना प्रकाशनाचे १:२५,००० नकाशे चांगले आहेत. फोनवर नकाशा आधी उतरवून ठेवा. बिनियाराशच्या घळीत आणि तोसाल्स वेर्त्सच्या दरीत फोनची रेंज भरवशाची नाही.

नकाशावरचे थोडे कातालान शब्द: फोन्त म्हणजे झरा, कोय म्हणजे खिंड, पुच म्हणजे शिखर, तोरेन्त म्हणजे पावसाळी ओढा, बारांक म्हणजे घळ, कामी म्हणजे वाट, एम्बासामेन्त म्हणजे धरणाचा तलाव.

सांजवारा

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तंबू नेऊ नका. उघड्यावर तंबू ठोकायला परवानगी नाही, ठरावीक जागाच आहेत, त्यातली एक युक मठाजवळ. आणि १ मे ते १५ ऑक्टोबर या काळात रानात कसलीही आग, स्टोव्हसुद्धा, चालत नाही. तुम्ही एप्रिलमध्ये आहात तरी स्टोव्ह न नेणंच बरं, विमानात गॅसची टाकी नेता येत नाहीच.

मुक्कामाला बेटाच्या प्रशासनाचे 'रेफुजी' आहेत. देयात कान बोइ, जुनं तेलाच्या घाण्याचं घर. सोयेर बंदराच्या वर मुलेता, पूर्वीचं तारायंत्र केंद्र. डोंगरात तोसाल्स वेर्त्स, जुनी ऑलिव्हची वाडी. युकजवळ सोन आमेर. आणि पोयेन्सात पोन्त रोमा. सामायिक खोल्या, दुमजली खाटा, रात्रीचं जेवण आणि नाश्ता सांगून मिळतो, दुपारची शिदोरीही बांधून देतात. हलकी स्लीपिंग बॅग किंवा चादरीची पिशवी न्या.

आयत्या वेळी दारात जाऊन जागा मिळेल असं समजू नका. आरक्षण आधी झालं पाहिजे, आणि सगळ्यांत आधी तोसाल्स वेर्त्सचं, कारण तिथे दुसरा पर्याय नाही. इतर ठिकाणी जागा नसली तर गावात हॉटेल आहे किंवा बस आहे. तोसाल्स वेर्त्सला रात्री ना बस ना वस्ती. तिथली तारीख मिळाली की तिच्याभोवती बाकीचे मुक्काम बसवा. ईस्टरचा आठवडा टाळा, सगळं भरलेलं असतं.

पाठपिशवी पाण्याशिवाय ७ किलोच्या आत ठेवा.

माथेरानी

मुक्कामाबद्दल माझं मत वेगळं आहे. चौघांत वयाचा एवढा फरक असताना सोयेरमध्ये तळ ठोकणं जास्त शहाणपणाचं. २०३ क्रमांकाची बस पाल्मा, वायदेमोसा, देया, सोयेर आणि सोयेर बंदर अशी धावते. म्हणजे वायदेमोसा ते देया आणि देया ते सोयेर हे दोन्ही टप्पे एकाच खोलीतून करता येतात, पाठीवर फक्त पाणी आणि डबा. थकलेला माणूस देयातून बसने परत येऊ शकतो. पाऊस आला तर दिवस बदलता येतो, आरक्षण वाया जात नाही.

डोंगरकपार

माथेरानी, पश्चिमेकडच्या दोन टप्प्यांना हे पटतं. पण सोयेरच्या पूर्वेला तळ ठेवून जमत नाही. कूबेर तलावाकडची आणि युककडची डोंगरातली बस हंगामी आहे, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आणि फेऱ्या मोजक्या. शेवटची बस चुकली तर वीसेक किमी घाटरस्ता. परतीच्या बसचं दडपण डोक्यावर घेऊन कोय देस प्रातच्या खिंडीतून उतरणं म्हणजे अपघाताला निमंत्रण. पूर्वेचा भाग सलगच करावा.

मुळशीकर

अवांतर: 'कूबेर' वाचून धनाचा देव कुबेर आठवला. तलाव कसा आहे?

नकाशावेडी

मुळशीकर, नाव योग्यच आहे. कूबेर आणि शेजारचा गोर्ग ब्लाऊ हे दोन्ही तलाव पाल्मा शहराला पाणी देण्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेले. कूबेर सुमारे ७५० मीटर उंचीवर. समोर पुच माजोर, बेटाचं सर्वोच्च शिखर, १४०० मीटरच्या वर. त्यावर लष्करी रडार आहे, माथा लोकांना बंद. दुसऱ्या क्रमांकाचं मासानेया, सुमारे १३६५ मीटर, तिथे जाता येतं. कूबेरच्या काठावर मान वर करून चाला, काळी गिधाडं घिरट्या घालतात. ही जात बेटावर संपत आली होती, बाहेरून पक्षी आणून ती वाचवली.

आणि इथल्या ओल्या घळींत फेरेरेत नावाचा चिमुकला बेडूक आहे, जगात फक्त मायोर्कात. आधी त्याचे जीवाश्म सापडले, तो नामशेष समजला गेला, आणि मग १९८० च्या सुमारास जिवंत सापडला. नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून फिरतो. घळीतल्या डोहांत साबण लावून हातपाय धुऊ नका, ही विनंती त्याच्यासाठी.

सांजवारा

पाण्याचा प्रश्न अजून कुणी नीट घेतला नाही.

डोंगर चुनखडीचा आहे, पाणी वर थांबत नाही, फटींतून खाली जातं. त्यामुळे पाऊस भरपूर असूनही वाटेवर पाणी कमी. पाल्मात वर्षाला ४०० ते ४५० मिमी पडतो, युकच्या बाजूला १००० मिमीच्या वर, तरी खिंडीत थेंब नाही. एप्रिलमध्ये कूबेरजवळचा फोन्त देस नोगेर आणि पुढचा फोन्त देस प्रात बहुधा वाहते असतात. ऑगस्टमध्ये त्या भरवशावर जाऊ नये. झऱ्यावर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर पिऊ नका. गोळ्या किंवा गाळणी ठेवा, वर मेंढ्या-शेळ्या चरतात.

सोयेर ते तोसाल्स वेर्त्स या दिवशी माणशी ३ लिटर घेऊन निघा. बाकी दिवशी २ लिटर पुरतं. घळीतल्या चढाला नऊनंतर ऊन लागायला लागतं, आणि पांढरा दगड ते वर फेकतो. टोपी रुंद काठाची हवी, गॉगल हवाच.

सुगरण_पुणे

शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर, कारण यात फसगत फार होते.

मायोर्काची प्रसिद्ध गोगलगायीसारखी गुंडाळलेली पाव-मिठाई म्हणजे एन्साइमादा. दुकानाच्या काचेतून ती साधी गोड पोळी वाटते. तिच्या नावातच 'साइम' आहे, म्हणजे डुकराची चरबी. पिठाच्या पातळ पोळीला ती चरबी फासूनच गुंडाळतात, म्हणून पापुद्रे सुटतात. वायदेमोसाचे मऊ बटाट्याचे पाव, कोका दे पाताता, यातही बऱ्याच ठिकाणी साइम असतं. खारट चपट्या 'कोका'च्या कणकेतही असू शकतं. विचारायचं वाक्य: 'सेन्से कार्न, सेन्से साइम', म्हणजे मांस नको, चरबी नको. स्पॅनिशमध्ये 'सिन मांतेका'.

निर्धास्त खाण्यासारखं: पा आंब ओली, म्हणजे जाड पावावर टोमॅटो चोळून, ऑलिव्ह तेल आणि मीठ. त्यावर चीज सांगा, नाहीतर हॅम येतं. तुम्बेत, म्हणजे वांगं, बटाटा, ढोबळी मिरची तळून थर लावायचे, वर टोमॅटोचा रस्सा. त्राम्पो, म्हणजे टोमॅटो, फिकट हिरवी मिरची आणि कांद्याची कोशिंबीर. 'सोपेस मायोर्किनेस' नावाने सूप वाटतं, पण ती शिळ्या पावाच्या पातळ कापांवर कोबीची भाजी असते. ती कधी शाकाहारी, कधी डुकराचं मांस घातलेली, विचारूनच घ्या. लाल मऊ सोब्रासादा म्हणजे डुकराचं सॉसेज.

रेफुजीत आरक्षण करतानाच शाकाहारी लिहा. डोंगरात आयत्या वेळी वेगळं शिजत नाही.

घरून नेणार असाल तर: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानात नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. चिक्की, कोरडा चिवडा, मेतकूट, भाजके दाणे चालतात. वाटेत संत्री खा, सोयेरचं खोरं संत्र्यांचंच आहे.

मुळशीकर

सुगरण, वाचनखूण साठवली. एन्साइमादाचा बॉक्स भेट म्हणून घरी आणण्याचा बेत असणाऱ्या सगळ्यांना हा प्रतिसाद पाठवला पाहिजे.

नदीकाठ

सोयेरला पाल्माहून लाकडी डब्यांची आगगाडी जाते, १९१२ पासून. आल्फाबियाच्या डोंगरातून जवळजवळ ३ किमीचा बोगदा आहे. सोयेर ते बंदर अशी ट्राम १९१३ ची. बस निम्म्याहून स्वस्त आणि जलद, पण एकदा तरी या गाडीने जावं. बसमध्ये बँकेचं संपर्करहित कार्ड चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवा. उतरताना टेकवलं नाही तर लांबच्या पल्ल्याचं भाडं कापलं जातं.

तोरणा_७२

तोरेन्त दे पारेइसबद्दल कुणी लिहिलं नाही. एस्कोर्काहून सा कालोब्राच्या समुद्रापर्यंत उतरणारी घळ. सहा दिवसांत ती घ्यायलाच हवी ना? सांधण दरीची सवय असलेल्यांना काय अवघड?

डोंगरकपार

तोरणा, ती एप्रिलमध्ये बेतात धरू नये. घळ सुमारे ३ किमीची, पण त्यात घराएवढे गुळगुळीत धोंडे. काही ठिकाणी बसून, पाठ टेकवून खाली सरकावं लागतं आणि तिथून परत वर येणं दोराशिवाय कठीण. मधून बाहेर पडायला वाट नाही. वसंतात डोह भरलेले असतात, छातीइतक्या थंड पाण्यातून जावं लागू शकतं. वर कुठेतरी पाऊस पडला तर खाली आकाश निळं असताना पाणी येतं. सलग कोरडे दिवस, अनुभवी सोबत, पाठीवर मोठं ओझं नाही, या तीन अटी जमल्या तरच. सांधणला शेवटी दोर लावून देणारी माणसं असतात, इथे तसं कुणी नसतं.

तोरणा_७२

पटलं. माझा मुद्दा मागे घेतो.

नकाशावेडी

वायदेमोसा ते देया टप्प्यावर एक सावधगिरी. वर आर्चड्यूक लुडविग साल्वातोरने आखून घेतलेली कड्यावरची वाट आहे. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला हा माणूस १८७२ मध्ये मिरामारची जमीन घेऊन इथे राहिला आणि समुद्र दिसेल अशा ठिकाणी वाटा बांधून घेतल्या. काही फाटे खासगी जमिनीतून जातात, तिथे आगाऊ नोंदणी लागते आणि रोजची माणसं मर्यादित असतात. आठवडाभर आधी नोंदणी पाहून ठेवा. आणि देयाकडचा उतार फार तीव्र आहे, सुटे खडे आहेत. वारा ताशी ५० किमीच्या वर असेल तर कड्यावर जाऊ नका. 'त्रामुंताना' हे मुळात उत्तरेच्या वाऱ्याचंच नाव.

पाइनच्या झाडांवर पांढरी कापसासारखी घरटी दिसली तर त्याखाली बसू नका. त्या सुरवंटांचे केस अंगाला लागले की दोन-दोन दिवस आग होते. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांचा काळ, रांगेने जमिनीवर चालताना दिसतात.

लंडनकर_वैदर्भी

व्हिसाबद्दल. भारतीय पारपत्र असेल तर ब्रिटनमध्ये राहत असलात तरी शेंगेन व्हिसा लागतोच. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी. विमा किमान ३०,००० युरोचा. त्या विम्यात डोंगरातली पायी भटकंती आणि बचावकार्य धरलंय का ते ओळ न ओळ वाचा, बऱ्याच स्वस्त विम्यांत ते वगळलेलं असतं. मुक्कामाचा पुरावा प्रत्येक रात्रीचा हवा. रेफुजीच्या आरक्षणाचं ईमेल छापून जोडा, त्यावर चौघांची नावं पारपत्राप्रमाणे हवीत. एकाच्याच नावावर चार खाटा घेतल्या तर बाकी तिघांकडे कागद उरत नाही.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण वाटेचा हट्ट सोडला. आता असा बेत करतोय:

दिवस १: पाल्मा, बसने सोयेर, दोन रात्री तिथेच.
दिवस २: बसने वायदेमोसा, चालत देया, बसने परत.
दिवस ३: बसने देया, चालत सोयेर बंदर, रात्र मुलेतात.
दिवस ४: मुलेता ते तोसाल्स वेर्त्स.
दिवस ५: तोसाल्स वेर्त्स ते युक.
दिवस ६: युक ते पोयेन्सा.
दिवस ७: राखीव.
दिवस ८: परत.

काही चुकतंय का?

डोंगरकपार

फक्त दिवस ३ ची रात्र बदला. मुलेता ते तोसाल्स वेर्त्स २७ किमीच्या आसपास जातं, ९ तास नुसते चालण्याचे. मुलेताऐवजी सोयेर गावात किंवा त्याहून बरं म्हणजे बिनियाराशजवळ रात्र काढलीत तर सुमारे ७ किमी वाचतात. एप्रिलच्या मध्यात सूर्य सव्वासातला उगवतो आणि रात्री साडेआठच्या आत मावळतो. सात वाजता पायऱ्यांना लागा, घळीतला बराचसा चढ सावलीत होईल, अकरापर्यंत लोफ्रेची खिंड. तिथून कूबेरला उतरायला तासभर.

एक सुटकेची वाट लक्षात ठेवा. कूबेरला कुणाचे गुडघे बोलायला लागले तर तिथे डांबरी रस्ता आहे, हंगामी बसने सोयेरला परतता येतं. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी पाल्मामार्गे आगगाडीने इन्का आणि तिथून बसने युक गाठावं, सगळे तिथे भेटाल. कूबेर सोडलं की ही सोय संपते, म्हणून निर्णय तलावाच्या काठावरच घ्या.

माथेरानी

दिवस ५ बद्दल. तोसाल्स वेर्त्स सुमारे ५३० मीटरवर, कोय देस प्रात १२०५ मीटरवर. चढ मोठा, पण सावली आहे, सदाहरित ओकचं रान. रानात गोल सपाट दगडी ओटे दिसतील, ते कोळसा पाडायच्या भट्ट्यांचे. खिंडीजवळ दगडी खड्डे आहेत, छप्पर गेलेली लांबट घरं. ती बर्फाची कोठारं. हिवाळ्यात बर्फ गोळा करून त्यात तुडवायचे, थरांमध्ये कार्रिच गवत, आणि उन्हाळ्यात रात्रीच्या रात्री खेचरांवरून पाल्माला. कारखान्याचा बर्फ आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे थांबलं. खड्ड्यांच्या काठावर उभे राहू नका, कडा ढिसूळ आहेत.

धुकं उतरलं तर खिंडीत थांबू नका, खांब एकमेकांपासून लांब आहेत. चौघे नजरेच्या टप्प्यात राहा. खिंडीत पाल्मापेक्षा ७-८ अंशांनी गार असतं, वाऱ्याने अजून. वारा अडवणारं जाकीट वरच्याच कप्प्यात ठेवा. युककडची उतरण 'वोल्तेस देन गालिलेऊ', आखीव नागमोडी वळणं. वळणं तोडून सरळ उतरू नका, त्यानेच भिंती ढासळतात.

गडगा

त्याच नागमोडी वळणांच्या बाहेरच्या बाजूचे आधाराचे गडगे बघा. प्रत्येक वळणावर भिंतीची उंची वेगळी, तरी वाटेचा चढ एकसारखा राखलाय. ओझ्याच्या खेचराला दम लागू नये म्हणून.

सांजवारा

दिवस ६, युक ते पोयेन्सा, सुमारे १७ किमी, बहुतेक उतार. सोपा दिवस, पण शेवटचा काही भाग डांबरी रस्त्यालगत आणि ओढ्याच्या काठाने जातो. आधीच्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर ओढा ओलांडण्याच्या जागा तपासा. पोयेन्साहून पाल्माला थेट बस आहे.

राखीव दिवस शेवटी ठेवू नका, तो दिवस ४ च्या आधी ठेवा. पाऊस असेल तर ओल्या पायऱ्यांवर घळ चढण्यापेक्षा सोयेरमध्ये एक दिवस थांबलेलं बरं. म्हणजे तोसाल्स वेर्त्सचं आरक्षण एक दिवस पुढचं घ्या.

पायवाट

बदल केला. सोयेरमध्ये सलग चार रात्री, राखीव दिवस चौथा, पाचव्या दिवशी पहाटे बिनियाराश. तोसाल्स वेर्त्सला चार खाटांसाठी विचारणा पाठवली, त्यात 'दोघे शाकाहारी, साइमसुद्धा नको' असं लिहिलंय. उत्तर आलं की इथे कळवतो.

सुगरण_पुणे

अंडी चालतात का तेही लिहा. नाहीतर दोन्ही वेळा बटाट्याचं आम्लेटच येईल.